मागच्या सीटखालचा आवाज

गाडी बायकोची. आमच्या घरात गाडी चालवायची ती, आणि मी शेजारी बसून ब्रेक असल्यासारखा पाय रेटायचो. ती गेल्यावर वर्षभर गाडी मुलुंडला, सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हरखाली उभी होती. "विकून टाका ना बाबा," मुलगी फोनवर म्हणाली. पण विकायची म्हणजे लोक येणार, बायकोची सीट मागेपुढे करून बघणार. ते मला नको होतं. म्हणून साठी उलटल्यावर मी गाडी शिकलो.

मुलगी परदेशी गेल्यापासून तिचा अंधेरीचा फ्लॅट बंद असतो. दर रविवारी सकाळी मी तिथे जायचो. खिडक्या उघडायचो, नळ थोडा वेळ सोडायचो, चादरीनं झाकलेल्या सोफ्यावर तासभर बसायचो आणि सगळं बंद करून परत यायचो.

एका रविवारी पवईच्या चढावर गाडीनं दगा दिला. अ‍ॅक्सिलरेटर दाबला तरी ओढ लागेना. दोन-तीन हिसके बसले, स्टिअरिंग जड झालं आणि इंजिन बंद. कशीबशी कडेला घेतली. मागून हॉर्नचा नुसता भडिमार. वीस मिनिटांनी चावी फिरवली तर काही झालंच नाही अशी चालू झाली. पुढच्या रविवारी तिथेच, तसंच.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक गॅरेज आहे. तिथले मिस्त्री साधारण माझ्याच वयाचे, कणकवलीकडचे. त्यांनी बॅटरी बघितली, प्लग काढून बघितले. गाडी त्यांच्यासमोर एका चावीत चालू.

"करंट बरोबर आहे," ते म्हणाले. "म्हणजे माका वाटता, पेट्रोल पोचत नाय इंजिनापर्यंत. साहेब, असं करा. चावी अर्धी फिरवली की मागच्या सीटखाली पंप गुणगुणतो. दोनच सेकंद. बंद पडेल तेव्हा तो आवाज येतो का ऐका. नाही आला तर तिथेच रोग."

त्यानंतरच्या रविवारी गाडी पुन्हा बंद पडली, आणि मला जवळजवळ आनंदच झाला. चावी अर्धी फिरवली. पण शेजारून ट्रक जात होते, पुढे बसून काही ऐकू येईना. मग चावी फिरवून खाली उतरलो, मागचं दार उघडलं, सीटला कान लावला. तोवर दोन सेकंद कधीच होऊन गेले होते. पुन्हा केलं. तिसऱ्यांदा तर पळालोच. बसस्टॉपवरच्या बाया माझ्याकडे बघत होत्या. मागच्या सीटवर वाकलेल्या अवस्थेतच लक्षात आलं की हे एकट्याचं काम नाही. एकानं चावी फिरवायची, दुसऱ्यानं ऐकायचं. फोन काढून नावं बघत गेलो. शेवटपर्यंत गेलो. नुसती चावी फिरवायला ये म्हणून ज्याला बोलवावं, असं एकही नाव सापडलं नाही.

मिस्त्रींना फोन करून सांगितलं, ऐकायला जमलं नाही.

"गाडीत कोण नाय तुमच्याबरोबर?"

"नाही."

"पुढच्या रविवारी मी येतंय," ते म्हणाले.

आले ते इस्त्रीचा शर्ट घालून. शेजारच्या सीटवर बसले, माझ्या जुन्या जागेवर. मी गाडी शिकल्यापासून तिथे कोणी बसलंच नव्हतं. बायको-मुलं गावी, आपण भांडुपला खोलीत, असं त्यांनी सांगितलं. अंधेरीला मुलीचा फ्लॅट आहे, एवढंच मी सांगितलं. पवईच्या चढावर गाडी वेळेवर बंद पडली. ते मागे जाऊन सीटवर आडवे झाले.

"फिरवा. बंद करा. परत फिरवा." मग म्हणाले, "काय्येक नाय. मुका झालाय."

त्यांनी सीटचा तळ उचलून खालच्या झाकणावर मुठीनं दोन-तीन दणके घातले. "आता मारा स्टार्टर."

इंजिन चालू झालं.

"पंपच," ते पुढे येऊन बसत म्हणाले. "तापला की अडकतो. पेट्रोल किती ठेवता?"

"थोडंच. जाणं-येणं किती असतं माझं?"

"तो पेट्रोलातच बुडलेला असतो, साहेब. पेट्रोलच त्याला थंड ठेवतं. टाकी रिकामी ठेवलीत की तो बिचारा नुसता भाजत राहतो. चला, आता पोचू मुलीकडे."

"ती नसते तिथे," मी म्हणालो, आणि खिडक्यांचं सांगितलं.

फ्लॅटमध्ये त्यांनी चप्पल दाराबाहेर काढली. स्वयंपाकघरातली एक खिडकी मला कधीच उघडता येत नव्हती, ती हिसका देऊन उघडली. मी चहाचं विचारलं आणि मग आठवलं की दूधच नाही.

"कोरी चलात," ते म्हणाले.

त्या घरातला गॅस कितीतरी महिन्यांनी पेटला. खिडकीपाशी उभं राहून आम्ही चहा प्यालो.

दोन दिवसांनी त्यांनी पंप बाहेर काढला. त्याच्या जाळीवर तपकिरी गाळ चिकटला होता. "वर्षभर उभी होती ना, त्याचं हे," म्हणत त्यांनी तो मला बोटानं खरवडून दाखवला. मी कव्हरवरची धूळ नेमानं झटकायचो, दर आठवड्याला. आत हे साचत होतं. नवीन पंप बसला, टाकी धुऊन झाली. तेव्हापासून गाडी एकदाही बंद पडली नाही. पवईचा चढ कधी आला आणि गेला ते कळतही नाही.

तीन-चार महिन्यांनी मी मिस्त्रींना फोन केला.

"काय झाला? परत बंद पडली?"

"नाही, नाही. उत्तम चालतेय. रविवारी अंधेरीला जातोय, म्हटलं येता का."

पलीकडे कसलं तरी मशीन चालू होतं. ते थांबल्यावर मिस्त्री म्हणाले, "ह्या रविवारी गावाक जातंय. पुढच्या बघूया."

पुढच्या रविवारी त्यांचा फोन आला नाही. मीही केला नाही. काम असेल. नऊ वाजेपर्यंत वाट बघितली, मग दोघांच्या चहासाठी आणून ठेवलेलं दूध एकट्यानंच संपवलं, दाराला कुलूप लावलं आणि गाडी काढली.