हळदीचा हात

तंजावूरच्या वीणा बाहेरगावी पाठवण्यात आमच्या अप्पांचं आयुष्य गेलं. वीणा घडवणारे वेगळे. अप्पा नुसते पेटी बांधणारे. आत भाताचा पेंढा, जुन्या वेष्ट्या म्हणजे धोतरं, बाहेरून लाकडी पट्ट्या. मग पेटी लॉरीशेडला नेऊन ड्रायव्हरच्या हाती सोपवायची. ड्रायव्हर ओळखीचा, उतरवून घेणारा हमालही ओळखीचा. पेटी अडली तर कुणाला विचारायचं ते ठाऊक असायचं. आणि घरातून निघताना पेटीच्या माथ्यावर ओल्या हळदीचा हात फिरवायचा, ही आमची रीत.

आता त्या शेडच्या जागी मोटारी उभ्या असतात. सगळा माल बायपासवरच्या गोदामातून जातो.

यंदा आईची वीणा माझ्या लेकीला पुण्याला पाठवायची ठरली. आई गेल्यापासून ती कुणी वाजवली नव्हती. कुरिअर मीच बोलावलं. अप्पा आता थकलेत, तरी त्यांनी दोन दिवस खपून पेटी बांधली. कुरिअरवाला आला, त्यानं माथ्यावर लेबल चिकटवलं, यंत्रानं टिपलं. तो पेटी उचलणार तेवढ्यात अप्पांनी हळद फासली, नेमकी त्या लेबलावर. मला इतकं कौतुक वाटलं की मी फोटो काढून लेकीला पाठवला.

पेटी घरून उचलल्याचं फोनवर दिसलं. पुढे काहीच नाही. तीन आठवडे वाट पाहून अप्पांना घेऊन मी बायपासच्या गोदामात गेले. खिडकीवरचा माणूस तमिळमध्ये शांतपणे म्हणाला, लेबल वाचता आलं नाही की माल बेवारशी धरतात, दूरच्या गोदामात नेऊन एकगठ्ठा विकून टाकतात. तुमचीही गेली असणार.

"नेणारा ड्रायव्हर कोण?" अप्पांनी विचारलं. त्याला खरंच माहीत नव्हतं.

अप्पा माझ्याकडे वळले. "मग पेटी आपण कोणाच्या हाती दिली गं?"

रिक्षात बसल्यावर माझा तोल गेला. "अप्पा, लेबलावर हळद तुम्हीच फासली," मी म्हणाले. तोवर त्यांच्या ते लक्षातही आलं नव्हतं. मी शेजारी उभी राहून बघत होते, हे मात्र मी बोलले नाही. आजही बोललेले नाही.

पोंगलला नव्या तांदळाचा भात शिजवायच्या भांड्याच्या गळ्यात हळदीचं रोप दरवर्षी अप्पाच बांधायचे. या वेळी मी रोप पुढे केलं, तर ते मागे सरकले.

"तूच बांध," म्हणाले. "माझा हात नक्को."