एकटीला किती जागा लागते?

ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टरचा शब्द शेवटचा. कात्र्या, चिमटे, गॉजचे तुकडे, सगळं मोजून पुरतं जुळेपर्यंत पोट शिवायचं नाही, मग समोर कितीही मोठा सर्जन असो. "एक तुकडा कमी आहे, थांबा," असं तिने म्हटलं की सर्जन मुकाट्याने थांबायचा.

अशी ही वाघीण घरी आली की मात्र तिची शेळी व्हायची. घर तिचं, पण नावापुरतं. आत सगळा भावाचा पसारा: जुना सोफा, व्यायामाची सायकल, भाचीचा पाळणा, बंद पडलेला फ्रिज. हिने लग्न केलं नाही ना, मग काय, रान मोकळं! "ताई, तू एकटी. एकटीला किती जागा लागते गं?" असं म्हणत तो दर वेळी काहीतरी टेकवून जायचा. "दोनच महिने," हे वर ठरलेलं. पाळण्यातली भाची आता कॉलेजात जाते, बोला!

पलंगावर खोकी, म्हणून ही खुर्चीत झोपायची. झोपायची कसली, तळमळायची. दार उघडलं की छाती दडपायची, डोकं भणभणायचं, उगीचच रडू यायचं. ड्यूटी संपली तरी हॉस्पिटलातच रेंगाळायची. स्वतःच्याच घराची धास्ती घेतली होती बाईने!

एका रविवारी भाऊ पुन्हा उगवला. मागे दोन हमाल, त्यांच्या हातात जेवणाचं टेबल.

"ताई, आम्ही नवीन घेतलंय. हे तेवढं..."

"आत आणायचं नाही."

"अगं, दोनच महिने!"

"टेम्पो थांबव. आतलंही सगळं न्यायचंय."

भाऊ हसला. त्याला थट्टा वाटली. तोवर हिने बाह्या सरसावून सायकल दाराबाहेर ओढलीसुद्धा. "बघत काय उभे राहिलात? लावा हात!" ती हमालांवर कडाडली. टेबल तिथेच टाकून ते कामाला लागले.

पाळणा निघाला तसा भावाचा चेहरा पडला. "ताई, माणसांपेक्षा जागा मोठी झाली का गं तुला?"

"आणि मी कोण? मी माणूस नाही?" तिचा आवाज चिरकला. "इतकी वर्षं बसून झोपतेय मी. एकदा तरी विचारलंस, ताई, तू झोपतेस कुठे?"

विचारलं नव्हतंच त्याने. खाली मान घालून टेम्पोत जाऊन बसला.

संध्याकाळी भावजयीचा फोन आला. "अहो ताई, घरात पाय ठेवायला जागा उरली नाही. माझं डोकं फिरायची वेळ आलीय!"

"फिरू दे," ती पलंगावर हातपाय ऐसपैस पसरत म्हणाली. "डोकं फिरलं की काय टाकायचं ते बरोबर सुचतं. मला आजच सुचलं."