नजरेचा अंदाज

व्हेरेना रिनरने नवऱ्याविरुद्ध कधी हात वर केला नव्हता. तोंड भरपूर चालवलं होतं, पण ते घरात. मे महिन्यातल्या पहिल्या रविवारी स्वित्झर्लंडमधल्या ग्लारुसच्या चौकात सगळं खोरं जमतं, एकेक कायदा पुकारला जातो आणि लोक मतदानाची कार्डं उंच धरून तो पास करतात किंवा पाडतात. नवरा-बायको शेजारी शेजारी उभे असतात आणि कोणाचं कार्ड कधी वर गेलं, हे मागच्या रांगेतल्या चुलत नणंदेलाही दिसतं. म्हणून नवऱ्याचं, योस्टचं कार्ड वर गेलं की व्हेरेनाचं जायचं. रस्ते, शाळा, कर यांच्यापायी चारचौघांत शोभा कशाला, असं तिचं मत होतं.

या वर्षी मात्र शिकारीचा कायदा आला होता. साठी ओलांडलेल्या शिकाऱ्याने दर उन्हाळ्यात डोळे तपासून घ्यावेत, मगच त्याला परवाना मिळावा, असं खालच्या गावातल्या एका शिक्षिकेने सुचवलं होतं. योस्ट महिनाभर धुमसत होता. साठी त्याने केव्हाच मागे टाकली होती, आणि भिंतीवर इतकी शिंगं टांगली होती की धूळ पुसताना व्हेरेनाचा जीव मेटाकुटीला यायचा.

गेल्या सप्टेंबरमधलं फक्त तिला ठाऊक होतं. ती वरच्या कुरणावर त्याच्यासाठी पाव-चीज घेऊन गेली, तेव्हा तो दगडाआड दबा धरून बसला होता. त्याने नेम धरला आणि चाप ओढला. समोर शेजारच्या हाइरीचं तपकिरी वासरू होतं, आणि वासरामागे वाकून बुटाची नाडी बांधणारा खुद्द हाइरी. गोळी दुधाच्या कॅनला लागली. डोळ्यांबरोबर नेमही गेला होता, म्हणून हाइरी वाचला. कोल्हा वासरावर टपला होता, असं योस्टने ठोकून दिलं आणि हाइरीने त्याचे आभार मानले.

"डॉक्टरला डोळे दाखव," व्हेरेना त्या रात्रीच म्हणाली होती.

"डोळ्यांना काय धाड भरलीय? धुकं होतं."

पुढे स्वयंपाकघरात त्याने मीठ समजून साखर घातली, तेव्हाही बहुधा धुकंच असावं.

तर चौकात योस्ट मंचावर चढला. "मंडळी, इथं हजारो कार्डं वर जातात आणि आपण ती मोजतो का? नाही. अध्यक्ष नुसती नजर फिरवतात आणि सांगतात, बहुमत इकडं की तिकडं. बापजाद्यांपासून आपलं हेच चालत आलंय. आजवर कोणी अध्यक्षांचे डोळे तपासलेत? मग माझेच काय म्हणून?"

चौक खदखदून हसला. अध्यक्षही हसले. सगळ्यात मोठ्याने हसत होता पुढच्या रांगेतला हाइरी. त्याला तसं मान मागे टाकून हसताना पाहिलं आणि व्हेरेनाला दुधाच्या कॅनला पडलेलं भोक आठवलं.

पायरी पायाने चाचपत योस्ट खाली आला. "कायदा हवा असणाऱ्यांनी कार्ड वर करा," अध्यक्षांनी पुकारलं.

"कोण कोण वर करतंय गं?" योस्ट तिच्या कानाशी कुजबुजला. "आपल्या गावातले सांग. मी बघून घेईन एकेकाला."

"बेकरीवाली," व्हेरेना म्हणाली. "पोस्टातला ओसवाल्ड."

"घरभेदी मेले. आणखी?"

"आणखी आपल्या आळीतली एक बाई."

असं म्हणून तिने कार्ड वर केलं. हात असा काही ताठ गेला की कोपर योस्टच्या टोपीला लागलं आणि टोपी उडाली. तो टोपी शोधायला खाली वाकला. मागून चुलत नणंदेचा "अगंबाई" ऐकू आला. "कायदा नको असणाऱ्यांनी," अध्यक्ष म्हणाले, तेव्हा योस्ट अजून लोकांच्या बुटांत चाचपडत होता. त्याचं कार्ड खिशातच राहिलं.

अध्यक्षांनी नजर फिरवली, डोळे बारीक केले, शेजारी उभ्या सहकाऱ्यांना विचारलं, आणि कायदा थोडक्यात पडला असं जाहीर केलं.

खानावळीत पांढरे सॉसेज, कुस्करलेले बटाटे आणि सुके आलुबुखारे समोर आले. लोक येऊन योस्टची पाठ थोपटत होते आणि व्हेरेनाकडे बघून मिशीतल्या मिशीत हसत होते. योस्ट काही खात नव्हता.

"टोपी कुठं होती गं?" त्याने शेवटी विचारलं.

"तुझ्या बुटावर."

"लाल पिसाची टोपी, आणि माझ्याच बुटावर." त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. "मग आळीतल्या त्या बाईला हे घरीच सांगता आलं नसतं? सगळ्या खोऱ्यासमोर सांगायची काय गरज होती?"

"घरी आठ महिने सांगितलं तिने. ऐकलंस?"

"नाही."

तेवढ्यात हाइरी बिअरचा पेला घेऊन आला. "जिंकलास की म्हाताऱ्या. आता तुझे डोळे तपासायची कोणाची छाती नाही. सप्टेंबरात वर ये, कोल्हे फार माजलेत."

योस्टने आवाजाच्या दिशेने मान वर केली. "बस, हाइरी," तो म्हणाला. "तुझ्या त्या वासराबद्दल बोलायचंय."

व्हेरेनाने त्याची बशी ओढून घेतली आणि सॉसेज कापून द्यायला लागली.