आत्याच्या शेगडीची निळी ज्योत

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून तर माझी खिशातली सुपारीसुद्धा लपत नाही. तुम्हाला का सांगतोय? खरं म्हणजे मलाच कळत नाही.

कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांजवळ, म्हणजे जुन्या राजघराण्याच्या समाध्यांपाशी, आम्ही निवृत्त मंडळी संध्याकाळी बसतो. पेपरात ऊर्जेचा नवा कायदा आला, सूर्याचं-वाऱ्याचं नवं धोरण आलं, की सगळे माझ्याकडे वळतात. "बोला भिया, तुम्ही तर त्याच खात्यातले!" मी बोलतो. छान बोलतो. मग घरी येतो आणि घास उतरत नाही.

माझी आत्या शहराबाहेर हातोद गावात राहायची. आतोबा गेल्यावर ती, तिच्या तीन गाई आणि तिचे देव, एवढाच संसार. चुलीच्या धुराने तिचे डोळे सारखे वाहायचे. धूर सोडा, नाहीतर डोळे जातील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी तेव्हा गोबर गॅसच्या सरकारी योजनेत नवा नवा सुपरवायझर. लाकूड वाचवायचं, रॉकेल वाचवायचं, गावाचं इंधन गावातच करायचं — दिल्लीचं धोरण होतं आणि चांगलं होतं. आजही मी तेच म्हणेन. मग आत्याकडे गॅस मी बसवायचा नाही तर कुणी?

इथवर सगळं ठीकच आहे. पुढचं सांगताना — असो, सांगतोच.

योजनेत एक नवा प्रकार आला होता. घरचा संडासही शेणाच्याच टाकीला जोडायचा, म्हणजे गॅस जास्त मिळतो. आमच्या जिल्ह्यात कुणी तयार होईना. दिल्लीचे साहेब पाहणीला येणार आणि दाखवायला आमच्याकडे एकही नाही! मी आत्याच्या परसात संडास बांधून दिला आणि त्याचा पाइप जमिनीखालून टाकीत सोडायला मिस्त्रीला सांगितलं. गॅस तो गॅसच, आगीला कसला विटाळ, असं मी स्वतःशी म्हणत होतो. तिला का नाही सांगितलं? तिचं उत्तर मला माहीत होतं म्हणून.

तिने विचारलंही होतं हो. शेगडी पहिल्यांदा पेटवण्याआधी, देवांसमोर उभं राहून.

"विनू, सच्ची सांग. यात फक्त गाईचं शेणच ना? यावर माझ्या देवाचा नैवेद्य होणार आहे."

"हो आत्या."

तीन गाईंचं शेण तिच्या एकटीला पुरून उरलं असतं. खोटं बोलायची गरजच नव्हती.

ती किती खूश होती! येईल त्याला ती निळी ज्योत दाखवायची, "माझ्या भाच्याने आणली" म्हणायची. डोळे निवळले, सुईत दोरा स्वतः ओवायला लागली. आतोबांच्या श्राद्धाचा सगळा स्वयंपाक तिने त्याच शेगडीवर केला. खीर, वडे, सगळं. मी पोटभर जेवलो.

लांबत लांबत साहेबांचा दौरा त्यानंतर आला. त्यांनी आत्याला हात जोडले. "माताजी, आपने तो कमाल कर दिया! गोबर भी, शौचालय भी, सब एक ही टंकी में!"

आत्याने माझ्याकडे पाहिलं. साहेबांची जीप वळेपर्यंत ती दारात थांबली. मग म्हणाली, "कुणी केलं हे?"

अजूनही खरं बोलता आलं असतं, नाही का? मी मिस्त्रीकडे बोट दाखवलं. "यानेच चुकून जोडलं असेल, आत्या." शहरातल्या परदेशीपुऱ्याचा गरीब माणूस, साहेबांना टाकी दाखवायला आलेला, शेजारीच उभा होता. त्याची पुढची सगळी कामं माझ्या हातात होती. तो मान खाली घालून आत्याच्या शिव्या ऐकत राहिला. हातोदात त्याला पुन्हा कुणी कामाला बोलावलं नाही.

आत्या मग भिंतीला टेकून खाली बसली. "त्यांना काय वाढलं रे मी?" एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती. आतोबांबद्दल बोलत होती ती.

पाइप तोडून देतो म्हटलं. तिने ऐकलं नाही. देव शेजारणीकडे दिले, "माझ्या हातचं त्यांना नको आता." पुन्हा चूल मांडली, पुन्हा धूर. डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं. डोळे गेले. मी जायचो तेव्हा ती आवाजावरून ओळखायची आणि चाचपडत माझ्यासाठी चहा ठेवायची — धुरात.

शेवटच्या आजारपणात तिने माझा हात धरला. "त्या मिस्त्रीला मी बहोत बोलले रे. त्यालाही बालबच्चे असतील. त्याला सांग, आत्याने माफ केलं."

"सांगतो," मी म्हटलं. तिने माझा हात थोपटला.

परदेशीपुरा माझ्या घरापासून चालत जाण्याइतका जवळ आहे. मी गेलो नाही.