तुरीच्या शेंगांचा तास

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, हे घरीदारी सगळ्यांना ठाऊक आहे. नागपुरातल्या एका नर्सिंग कॉलेजात मी इंग्रजी शिकवते. पहिल्या वर्षी मी तिथे एक कडक नियम केला होता: माझ्या तासाला मराठी बोलायचं नाही, बोलेल तिने उभं राहायचं. झालं काय, तर मराठी बंद पडलं आणि इंग्रजी काही सुरू झालं नाही. "अंडरस्टुड?" असं मी विचारायचे आणि अख्खा वर्ग एका सुरात "येस मॅडम" म्हणायचा. मीही शहाणी, मला ते खरं वाटायचं.

त्या वर्गात कुहीकडच्या एका खेड्यातली मुलगी होती. आदल्या वर्षी इंग्रजीतल्या तोंडी परीक्षेत ती नापास झाली होती. उत्तरं येत होती, पण परीक्षकांपुढे तोंडच उघडलं नव्हतं. या खेपेला जमलं नाही तर सामान घेऊन घरी ये, असं वडिलांनी बजावलं होतं. हे तिनेच एकदा व्हरांड्यात, खाली मान घालून मला सांगितलं.

"मले सगळं येते जी मॅडम. उभं केलं का काहीच नाही सुचत."

आणि तिला रोज उभं करणारी मीच होते. तरी मी ठणकावलं, "मग सवय कर." आज ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

जानेवारीतली गोष्ट. मी फळ्यावर लिहीत होते आणि मागच्या बाकावरून कुजबुज आली, "हळू वं, दाणे सांडून राहिले." जाऊन बघते तर चौघींच्या ओढणीत तुरीच्या ओल्या शेंगा. कुहीची मुलगी स्वतःच उभी राहिली. आईने भातशेताच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, तुरीच्या शेंगा पिशवीभर पाठवल्या होत्या, आणि मेसच्या मावशी म्हणाल्या होत्या, सोलून द्याल तर या दाण्यांचा सोलेभात करीन.

माझं डोकं फिरलं. "मग इथेच सोला! सगळ्या समोर या, गोल करून बसा. पण हात चालेल तोवर तोंड चाललं पाहिजे, आणि तेही इंग्रजीत!"

शिक्षा म्हणून म्हटलं होतं हो मी. त्या मात्र खरंच सतरंजी टाकून बसल्या. एकटीनं उभं राहणं बरं दिसेना, म्हणून मीही बसले आणि एक शेंग उचलली.

आधी नुसते हात चालले. मग कोणीतरी म्हणालं, "गिव्ह मी बिग वन," आणि हशा पिकला. मी आपली शेंग मधोमध चिरडत होते. दाणे उडून टेबलाखाली जात होते. कुहीच्या मुलीने दोन-तीन शेंगांची नासाडी सहन केली. मग तिला राहवलं नाही.

"नो मॅडम, नॉट लाइक दिस. प्रेस हिअर. देन ओपन." माझा अंगठा धरून तिने शेंगेच्या टोकावर ठेवला.

आपण काय केलं याचा तिला पत्ताच नव्हता. मला होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी गप्प बसले. थोड्या वेळाने हळूच विचारलं, "व्हाय हिअर?" तर ती सांगत सुटली. शेंग कुठे उकलते, आई कशी तोडते, तूर कुठे लावतात. 'धुरा' या शब्दापाशी अडली, तशी मौदा गावाकडची एक मुलगी म्हणाली, "बाउंड्री ऑफ पॅडी." मी कोणालाच उभं केलं नाही.

त्या दिवसापासून माझ्या तासाला मुलींचे हात रिकामे राहिले नाहीत. कधी कापसाचे बोळे, कधी चादरींच्या घड्या, कधी बँडेज. उभं राहण्याचा नियम कधी गेला, कळलंही नाही.

तोंडी परीक्षेच्या दिवशी मी बाहेर फेऱ्या मारत होते. ती आली ती हसतच.

"टेबलावर बँडेज सुटून पडलं होतं जी. मी विचारलं, मे आय रोल इट? ते हो म्हणाले. मंग मी गुंडाळून राहिली होती अन् बोलून राहिली होती."

ती पास झाली. पेढे घेऊन आली, पाया पडली, थँक यू म्हणाली. आभार खरं तर मी मानायला हवे होते. इंग्रजी मला आधीपासून येत होतं, शिकवायला तिने शिकवलं. पण त्या वेळी मी नुसता पेढा तोंडात टाकला.

आता ती एका मोठ्या दवाखान्यात नर्स आहे. दर जानेवारीत कुहीच्या बसने एक पिशवी येते. मला शेंगा आता झकास सोलता येतात. तरी नव्या मुलींपुढे पहिली शेंग मी मुद्दाम मधोमध चिरडते, आणि दाणे टेबलाखाली उडाले की गप्प बसून वाट बघते.