मोहाची दोन पिंपं

मोलगीच्या वरच्या डोंगरातल्या एका पाड्यावर मी सात वर्षं शाळेत शिकवायला होतो. तिथे दिवलीबाई वसावेशिवाय देवाचं काही होत नसे. देवमोगऱ्याला याहामोगी देवीच्या जत्रेला निघताना प्रत्येक घराला मोहाची दारू न्यावी लागते, आणि ती पाड्यातले लोक दिवलीबाईच्याच हातची नेत. बाळ जन्मलं की तिचीच, माणूस गेलं की तिचीच.

साठीच्या आसपासची, काटक, कमी बोलणारी बाई. माठात फुलं भिजत घातली की रोज सकाळी फडकं बाजूला करायची, आधी कान लावायची, मग वास घ्यायची. आत बुडबुडे चालू असले की म्हणायची, "बोलतंय अजून." आवाज थांबला की त्याच दिवशी रस चुलीवर. चाळीस वर्षांत तिचा एक माठ बिघडल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी शहाद्याच्या एका संस्थेने बायांच्या बचत गटाला मोहाची वाइन करायला शिकवायचं ठरवलं. शिकवायला गोकुळ सर आले. शाळेच्या ओट्यावर अकरा बाया बसल्या. दिवलीबाई गटाची अध्यक्ष, तिची सून रोशनी सचिव.

गोकुळ सर म्हणाले, "दारू आगीतून निघते, म्हणून ती कितीही दिवस राहते. वाइनला आग नाही. नीट जपली तर दोन वर्षं राहील, नाही जपली तर पंधरा दिवसांत आंबेल. तिचे वैरी तीन. उष्णता, घाण आणि वारा. भांडं काठोकाठ भरायचं, झाकण घट्ट लावायचं आणि नंतर हात लावायचा नाही."

दिवलीबाईने विचारलं, "मग ती झाली की नाही, कसं कळायचं?"

"नळीतून बुडबुडे येतील ते बघायचे. झाकण उघडायचं नाही."

हे सगळं लिहिलेली एक वही ते देऊन गेले. दिवलीबाईला वाचता येत नव्हतं, म्हणून मी ती तिला दोनदा वाचून दाखवली. झाकणाच्या ओळीवर तिने मान डोलावली.

चैत्रात फुलं पडली. अकरा घरांनी आपापली फुलं आणून टाकली. पावसाळ्यात घरात दाणा संपला की हीच फुलं उकडून खातात, त्यामुळे ती देणं ही लहान गोष्ट नव्हती. शहाद्याच्या जब्बारभाईच्या दुकानातून दोन नवी पिंपं आली. झाकणाला भोक पाडून नळी बसवली, तिचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत सोडलं. तीन आठवडे बाटलीत बुडबुडे येत राहिले. मग थांबले. गोकुळ सरांनी येऊन गाळ मागे ठेवला, वरचा स्वच्छ रस धुतलेल्या पिंपांत काठोकाठ भरून, झाकणांची भोकं बुजवून ती घट्ट लावून दिली. मला घोटभर चाखायला मिळाली. गोडसर, हलकी, मागून मोहाचा वास. दिवलीबाई त्या दिवशी हसत होती, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

"विकायचा परवाना येईपर्यंत अशीच राहू द्या," असं सांगून सर गेले. पिंपं दिवलीबाईच्या घराच्या मागच्या, गारव्याच्या खोलीत होती. किल्ली तिच्याकडे.

जूनच्या पहिल्या आठवड्यात सर परत आले. त्यांनी पहिलं झाकण काढलं आणि मागे सरले. रसावर पांढरी साय धरली होती, चिलटं घोंघावत उठली. वास नाकात झोंबला. दुसऱ्या पिंपाचंही तेच. दोन्हींतला रस काठापासून चार बोटं खाली गेला होता.

"रस कमी कसा झाला?" सरांनी विचारलं.

रोशनी म्हणाली, "पिंप गळत असणार. त्या दुकानदाराने फसवलं." बाकीच्या बायांनी तेच धरलं. दिवलीबाई भिंतीला टेकून उभी होती. तिने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

मोलगीच्या बाजारात बोलणं पसरलं की जब्बारने फुटकी पिंपं विकली. डोंगरातली गिऱ्हाइकं त्याच्याकडे जायची थांबली. पंधरा दिवसांनी जब्बारभाई स्वतः जीपने वर आला. साधा माणूस, दाढी पांढरी झालेली. त्याने कोणाशी वाद घातला नाही. एक पिंप रिकामं करून अंगणात आणवलं, बायांच्या देखत पाण्याने भरलं, खाली कोरडी राख पसरली आणि झाकण लावून आडवं केलं. तास-दीड तास आम्ही बसून राहिलो. राख कोरडीच होती.

"मन्हा डरम गळत नई शे, बहीण," तो दिवलीबाईला म्हणाला. मग दुसऱ्या पिंपातल्या रसात बोट बुडवून त्याने जिभेला लावलं. "हाई ते सिरका व्हयी गयं. येले वारा लागना." म्हणजे वारा लागून रस आंबला होता, त्याचं व्हिनेगर झालं होतं.

दिवलीबाई उठली. घरात जाऊन पळसाच्या पानांचा एक वाळलेला द्रोण घेऊन आली आणि सगळ्यांच्या मध्ये ठेवला.

"मी उघडत होते," ती म्हणाली. "रोज सकाळी. एक द्रोण काढायचा, याहामोगीच्या नावाने थेंब जमिनीवर, मग जिभेवर. आवाज येत नव्हता. मला वाटायचं, आत मेलं की काय. बघितल्याशिवाय मला राहवत नव्हतं."

"याहा, वास बदलला तेव्हा तरी सांगायचं," रोशनी म्हणाली. सासूला ती याहा म्हणजे आई म्हणायची.

"बदलला तेव्हा कळलं. म्हणून मग दिवसातून दोनदा उघडायला लागले."

तिला कोणी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. बाया एकेक करून उठल्या आणि घरी गेल्या. जब्बारभाईची तिने पाया पडून माफी मागितली. त्याने तिला उठवलं, पण तोंड फिरवून घेतलं. बाजारात गेलेलं नाव असं अंगणात परत मिळत नाही, हे दोघांनाही माहीत होतं.

त्या पावसाळ्यात दोन घरांत खरोखर उपास पडले. दिवलीबाई आपल्या घरची भगर त्यांच्याकडे पोचवायची. ते घ्यायचे, पण उंबऱ्यात बसायला सांगायचे नाहीत.

माघात जत्रा आली. पाड्याचे म्हातारे तिच्याकडे गेले. "झालं ते झालं. देवीची दारू तूच काढ."

"मला वास कळत नाही आता," ती म्हणाली. खरंच कळत नव्हता की तिचा स्वतःवरचा भरवसा गेला होता, मला सांगता येणार नाही. तिने माठ धुऊन रोशनीकडे दिले. रोशनीला ते जमलं नाही. त्या वर्षी पाड्याने बाजारातली बाटली विकत घेऊन देवीला नेली.

पुढच्या वर्षी माझी बदली खाली सपाटीवर, ब्राह्मणपुरीला झाली. हिवाळ्यात पुरुषोत्तमनगरच्या रस्त्याला उसाच्या फडात एक म्हातारी मोळ्या बांधताना दिसली. जवळ गेलो तर दिवलीबाई. मुलाबरोबर ऊसतोडीला उतरली होती. आयुष्यात ती कधी डोंगर सोडून गेली नव्हती.

"गुरजी, तुम्ही वही वाचली, तेव्हा मला सगळं समजलं होतं," तिने माझ्याकडे न बघता सांगितलं. "समजलं नव्हतं असं कोणाला सांगू नका."

मी म्हणालो, "गटाच्या बाया आता विसरल्या असतील ते. परत जा घरी."

"विसरल्या नाहीत. मी विचारलंय."

मुकादमाने हाक मारली. तिने मोळी डोक्यावर घेतली आणि फळी चढून ट्रकवर गेली. मोळी ट्रकमध्ये टाकताना तिचा तोल गेला, मुलाने हात दिला. मी थोडा वेळ बांधावर थांबलो. ती पुन्हा खाली उतरली, दुसरी मोळी बांधायला बसली, आणि मी अजून तिथेच आहे हे पाहून तिने माझ्याकडे पाठ केली.