कल्हई पाहिल्याशिवाय मान्यता नाही

परवानगी नाकारायला मला आवडायचं. निवृत्त माणसानं हे उघड बोलू नये म्हणतात, पण आता माझं कोण काय वाकडं करणार आहे? शिक्षण खात्यात निरीक्षक म्हणून माझी बरीचशी नोकरी गुलबर्ग्याकडं झाली. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांच्या शिबिरासाठी सरकारी शाळेची इमारत मागायला जे येत, त्यांना मी रडकुंडीला आणायची. विहिरीला कठडा आहे का, पोर आजारी पडलं तर गाडी कुणाची, डॉक्टर किती लांब, सगळं विचारायची. शेवटी स्वयंपाकघरात शिरून एकेका पातेल्याच्या आत हात फिरवायची. पितळेवर कल्हई आहे की नाही हे डोळ्यांपेक्षा बोटांना लवकर कळतं. माझ्या पाठीमागं लोक मला 'कल्हईबाई' म्हणत. म्हणोत बापडे.

आमचं गाव भालकीजवळचं खटकचिंचोळी. मी लहान असताना आमचा मुलूख नुकताच म्हैसूर राज्यात गेला होता. घरात बाजारापुरती कानडी, कोर्टाच्या जुन्या कागदांपुरती उर्दू, आणि भांडायला मराठी. वडिलांना आम्ही अप्पा म्हणायचो. शेती सांभाळून ते मराठी शाळेसाठी या कचेरीतून त्या कचेरीत खेटे घालायचे. अशात एका उन्हाळ्यात शेजारच्या गावच्या एका गुरुजींनी मराठी मुलांसाठी शिबिर काढलं. आमच्या गावाबाहेरच्या आमराईत मांडव, पहाटे प्रार्थना, लेझीम, शुद्धलेखन. तालुक्याहून एक अंमलदार जागा बघायला आला, तर गुरुजींनी त्याला सगळ्यांदेखत वाटेला लावलं.

"आमच्या लेकरांस्नी मराठी शिकवायला म्हैसूरचा शिक्का कामून पायजे?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यात जोरात अप्पांनी वाजवल्या. गुरुजी आपला माणूस होता ना! आपल्या माणसाला कोण विचारतो, बाबा रे, तुझी भांडी कुठली? भीड पडते. परक्याला भीड पडत नाही. सरकारी मान्यतेत एवढीच काय ती जादू आहे की एक परका माणूस येऊन तुमच्या पातेल्यात हात घालतो.

भांडी गावकीची होती, लग्नात वापरायची. लग्नसराईत घासून घासून आतली कल्हई पार उडालेली. अशा पितळेत आंबट काही ठेवलं की ते कळकतं, त्याचं विष होतं, हे आमच्याकडच्या कुठल्याही बाईला सांगावं लागत नाही. पण शिबिराच्या चुलीपाशी बाई नव्हतीच. आया आल्या की लाड होतात, म्हणून गुरुजींनी आयांना आमराईत यायलाच बंदी केली होती.

मी आणि अक्का, माझी थोरली बहीण, दोघी शिबिरात होतो. सकाळी केलेलं चिंचेचं सार दुपारच्या पंगतीपर्यंत त्याच पितळेत राहिलं. अक्का मोठ्या मुलींत होती, म्हणून वाढायला होती. वाढणाऱ्यांनी शेवटी जेवायचं. तिच्या वाट्याला तळाचं दाट सार आलं.

"कडू लागायलंय गं," ती मला म्हणाली. तरी तिनं वाटी रिकामी केली, कारण पानात टाकणाऱ्याला गुरुजी उन्हात उभं करायचे.

थोड्याच वेळात सगळ्यांना उलट्या सुरू झाल्या. आम्हा बाकीच्यांच्या थांबल्या. अक्काच्या थांबेनात. गुरुजी म्हणाले, ऊन लागलंय, कांद्याचा रस पाजा. बैलगाडी तिथंच झाडाखाली सोडलेली होती आणि भालकीचा दवाखाना काही काशीइतका लांब नव्हता. पण दवाखाना म्हणजे चौकशी, आणि चौकशी म्हणजे तोच अंमलदार. दिवस कलल्यावर आमच्या घरी निरोप गेला. माय धावत आली तेव्हा अक्का ओळख देत नव्हती. गाडी जुंपली, पण गाडीत घालायच्या आधीच ती गेली.

तिला स्मशानात न्यायच्या आधीच गुरुजींनी गावाला सांगितलं, "पोरीनं बागवानाच्या कैऱ्या चोरल्या, सोताबी खाल्ल्या अन् समद्यांस्नी वाटल्या."

"खोटं हाय!" मी ओरडले. कुणीतरी माझं तोंड दाबून मला मागं ओढलं. पुढं तो अंमलदार डॉक्टरला घेऊन आला आणि भांडी दाखवा म्हणाला, तर अख्खं गाव मूग गिळून बसलं. मग अप्पा पुढं झाले आणि त्यांनी आपल्या तोंडानं सांगितलं, पोरीनं कैऱ्या खाल्ल्या होत्या. मराठीचं शिबिर कानडी सरकारच्या कचाट्यात सापडू नये म्हणून त्यांनी मेलेल्या लेकीला चोर केलं. त्यानंतर माय त्यांच्याशी कामापुरतंच बोलायची. अप्पा जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली, फोटोला हारही मीच घालते, पण माफ केलेलं नाही.

गुरुजींचं मात्र चांगलं चाललं. शाली, नारळ, सत्कार. इकडं कैरीचोराची बहीण म्हणून शाळेत मला पोरी चिडवायच्या. मी हट्टानं कानडीतून शिकले, परीक्षा दिल्या, खात्यात शिरले. समाजसेवेचं खूळ माझ्या डोक्यात नव्हतं. शिक्का ज्या खुर्चीत असतो ती खुर्ची मला पाहिजे होती.

दिवस पालटले. राज्याचं नाव कर्नाटक झालं. लातूर-सोलापूरकडचे आईबाप सरकारी मान्यता असल्याशिवाय पोरं पाठवेनात. आणि गुरुजी माझ्या टेबलासमोर हात जोडून उभे राहिले. गाणगापूरजवळच्या सरकारी शाळेत त्यांना शिबिर भरवायचं होतं. लग्नानंतरच्या आडनावामुळं आणि माझ्या कानडीमुळं त्यांनी मला ओळखलं नाही.

मी तपासणीला गेले ते नाकारायचं ठरवूनच. पण मेल्यानं बोट ठेवायला जागा ठेवली नव्हती. विहिरीला कठडा, दारात जीप, गावातला डॉक्टर बांधून घेतलेला, आयांना वाटेल तेव्हा यायची मुभा. पातेल्यांत तर माझं तोंड दिसत होतं. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, एवढी लखलखीत कल्हई?

"बाई, मागं एकडाव आमच्या शिबिरात कळकलेलं सार पिऊन एक पोरगी दगावली. तवापासून आपण दरसाल कल्हई करायलाव," ते कौतुकानं म्हणाले.

मी म्हणाले, "हेच आमच्या गावासमोर बोला. खटकचिंचोळीला या. मान्यतेचं मी तिथं बघते. ती पोरगी माझी अक्का होती." त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. पण जाहिराती चिकटवून झाल्या होत्या, पाहुणे ठरले होते. ते आले.

देवळापुढं गाव जमलं. अप्पा तोवर गेले होते; माय अगदी पुढं बसली होती. गुरुजी पुटपुटले, पोरीनं कैऱ्या चोरल्या न्हवत्या, भांड्यांस्नी कल्हई न्हवती. मी म्हटलं, मागं ऐकू गेलं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं. मी म्हटलं, अजून मोठ्यानं. म्हातारा थरथरत होता आणि मला बरं वाटत होतं. फार बरं वाटत होतं.

तेवढ्यात माय उठली. तिनं एवढंच विचारलं, "तुमास्नी हे कवा कळलं?"

त्यांनी खांद्यावरचं उपरणं सारखं केलं.

"सांगा की."

"दुसऱ्याच दिशी, वैनी. दुसऱ्याच दिशी भांडी कल्हईला धाडली."

म्हणजे आम्ही अक्काची राख सावडायच्या आत त्यांची पातेली चकचकीत झाली होती, आणि त्याच तोंडानं ते तिला चोर म्हणत गावभर फिरत होते. माय माझ्याकडं वळली.

"ह्याला शिक्का देऊ नगंस."

नियमानं बघितलं तर त्या साली त्यांच्याइतकं चोख शिबिर अख्ख्या जिल्ह्यात नव्हतं. मी मान्यता नाकारली.